जगाची शेवटची पंगत

मन्मथअप्पा लग्नाला निघाले की आहेराचं पाकीट घरी राहील, चष्मा राहील, एखाद्या वेळी पत्रिकाच राहील आणि ते भलत्याच मंगल कार्यालयात जाऊन बसतील. पण पिशवीतलं ओगराळं कधी राहायचं नाही. ओगराळं म्हणजे वरण-आमटी वाढायचं लांब दांड्याचं भांडं. अप्पांचं पितळी आहे, दांडा हातानं झिजून गुळगुळीत झालेला. ते फडक्यात गुंडाळून पिशवीत, पिशवी काखेत, आणि अप्पा जेवणाच्या हॉलच्या दारात. समोर माणसं ताटं हातात घेऊन हिंडत-फिरत जेवत असतात. अप्पांच्या कपाळावरचं भस्म आधी आठ्यांत बुडतं आणि मग तोंडातून एकच शब्द बाहेर पडतो, "उभ्यानं?"

हा शब्द ऐकला की लग्नघरची माणसं दचकतात. कारण त्यानंतर अप्पा गप्प बसत नाहीत, हे वालूरपासून सेलूपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. "माणसं जेवायलेत का घोडी चंदी खायलेत? आरं, बसायला भुई न्हाई राहिली का?"

मी त्यांची शेजारीण. माझं माहेर पूर्णेचं, वडील रेल्वेत होते. लग्न होऊन वालूरला आले तेव्हापासून अप्पांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे; पीक विमा, शाळेचे दाखले, झेरॉक्स, असली कामं. माझं डोकं लवकर तापतं असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. त्यानं अप्पांकडे बघावं. त्यांच्या शेजारी उभी राहिले की मी गावातली सगळ्यात थंड बाई वाटते.

अप्पांचं किराणा दुकान आहे, पण ते आता पुतण्या चालवतो; सकाळी सेलूहून येतो, संध्याकाळी परत जातो. तसंही अप्पांना दुकानदार म्हणून कुणी ओळखायचं नाही. अप्पा म्हणजे वाढपी. पैसे घेऊन वाढणारे नव्हेत हं. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीचा महाप्रसाद असो, यजमान आधी अप्पांच्या ओट्यावर यायचा, नारळ ठेवायचा आणि म्हणायचा, "अप्पा, पंगत तुमच्या हवाली." मग यजमानानं खुशाल पाहुण्यांत मिरवावं. पुढचा सगळा इंतजाम अप्पांचा.

धोतराचा काचा मारून, कमरेला उपरणं बांधून अप्पा अनवाणी पंगतीत उतरले की बघत राहावं. वाढताना ते कमरेतून पार वाकायचे. उंचावरून वाढणं म्हणजे टाकणं, आणि टाकायचं ते जनावराला, असं त्यांचं मत. पान बघून वाढायचं, तोंड बघून नाही. एकदा वाढून पुढे गेलेल्या वाढप्यानं दुसऱ्यांदा आलंच पाहिजे. पदार्थ संपला असेल तर नुसता पाण्याचा तांब्या घेऊन यावं, पण यावं आणि विचारावं. "पहिल्या बारीला समदेच वाढतेत, सूनबाई. दुसऱ्या बारीला कोण येतो ते बघायचं." मला ते सूनबाई म्हणतात. आळीतल्या सगळ्या सुना त्यांच्याच सुना.

पण त्यांचा खरा जीव शेवटच्या पंगतीत. पहिल्या पंगतीला पुढारी बसतात, दुसरीला पाहुणे, मग गाव. शेवटच्या पंगतीला राबणारी माणसं: पाणी भरणारे, भांडी घासणारे, पहाटेपासून पुऱ्या लाटणाऱ्या बाया. पहिल्या पंगतीला जेवढी बुंदी तेवढीच शेवटच्या पंगतीला गेली पाहिजे, म्हणून अप्पा एक पातेलं आधीच झाकून ठेवत आणि त्यावर स्वतःचं उपरणं टाकत. त्या उपरण्याला हात लावायची सरपंचांचीही छाती नव्हती.

मी एकदा त्यांना चिडवलं होतं. चिडवलं कसलं, भांडलेच होते. "अप्पा, शेवटच्या पंगतीचं एवढं कौतुक सांगता, पण त्या पंगतीला दरवेळी बायाच कशा असतात? चुलीपुढं भाजून निघायचं आम्ही, आणि जेवायचं उन्हं कलल्यावर?"

"बरोबर हाय तुझं," अप्पा म्हणाले. "पन त्यांच्या पानात कमी पडलं असं म्हणणारी एक बाई आण माझ्यापुढं."

तशी बाई मला सापडली नाही. अप्पांनी वर आणखी एक नियम ऐकवला. वाढप्यानं स्वतःच्या घरच्या पानाकडे सगळ्यांच्या शेवटी बघायचं. "न्हाई तर लोकं म्हणतेत, बायकोच्या पानात बघा कसा ढीग घालायलाय." हे बोलणं चाललं होतं त्यांच्याच स्वयंपाकघरात. महानंदाकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि भाकरी निखाऱ्यावर टाकली. काकू फार बोलायच्या नाहीत. पाणी लावून भाकरी थापायला मला त्यांनी शिकवलं, तेही न बोलता, माझे हात धरून.

काकू गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. मुलगी उदगीरला दिलेली, ती दर फोनला चला म्हणते, अप्पा जात नाहीत. मी किती वेळा म्हटलं, अप्पा, आमच्याकडे जेवायला बसा. "आत्ताच झालं की," म्हणतात. सकाळी विचारा, दुपारी विचारा, आत्ताच झालेलं असतं.

त्यातच गावात बुफे आला. माझा स्वतःचा बुफेवर राग नाही, लोकांना सोयीचं असेल तर असो. पण एका हातात ताट, त्यात पाच वाट्या, दुसऱ्या हातात मोबाइल, कडेवर लेकरू, आणि मागून धक्के, याला जेवण म्हणायचं असेल तर मग अप्पांचंच खरं. देवगाव फाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात नवऱ्या मुलाचे मामा असेच ताट सावरत उभे होते. चांगले भारदस्त गृहस्थ, घट्ट पँट, गॉगल. अप्पा सरळ गेले आणि त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"बसा."

"कुठं?"

"खाली. भुई हाय की."

कपाळावरचं भस्म बघून असेल किंवा आवाज ऐकून असेल, मामा बसले. अप्पांनी पिशवीतून ओगराळं काढलं, काउंटरवरच्या डाळीत बुडवलं आणि वाकून वाढलं. गुडघेदुखीच्या दोन म्हाताऱ्या आधीच टेकायला जागा शोधत होत्या, त्या मामांच्या शेजारी बसल्या. मग आणखी कुणी. बघता बघता पंगत दारापर्यंत गेली. गळ्याला लाल बो बांधलेला केटरिंगवाला धावत आला. "काका, इथं काउंटर सिस्टीम आहे!" अप्पा म्हणाले, "सिस्टीम तुझी, पोट त्यांचं. हो बाजूला." पंगतीनं दार अडलं आणि नवरा-नवरीला आत येता येईना. जेवणं झाल्यावर मामांना पँटपायी उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं तेव्हा कुठेतरी शिवण गेल्याचा आवाज झाला.

नवरीच्या वडिलांनी अप्पांपुढे हात जोडले. "अप्पा, पुढच्या बारीला तुमी नुसते पाव्हणे म्हणून या."

त्यानंतर अप्पांच्या ओट्यावर नारळ आला नाही. पत्रिका येतात, पण पंगत हवाली करायला कुणी येत नाही. शिवरात्रीच्या महाप्रसादालाही या वर्षी कागदी ताटं आणि काउंटर. ज्या पोरांची बारशी अप्पांनी वाढली त्यांनीच ते ठरवलं. मला त्या पोरांचा असा राग आला होता, की दोघांचे पीक विम्याचे अर्ज मी मुद्दाम दोन दिवस बाजूला ठेवले. अप्पा मात्र ओट्यावर बसून ओगराळं चिंचेनं घासत होते.

मग एक दिवस ते माझ्या सेंटरवर आले. गर्दी सरेपर्यंत बाकावर बसून राहिले, आणि म्हणाले, "सूनबाई, परदेशात सेवा मिळती का बघ."

"कसली सेवा?"

"वाढायची."

पुतण्याच्या मोबाइलवर त्यांनी कसलासा व्हिडिओ बघितला होता. कुठल्यातरी देशात लढाई होऊन माणसं उघड्यावर आलेली. तंबू, चिखल, आणि बायालेकरांची लांबच लांब रांग. "हातात डबे घेऊन उभ्या होत्या. फुडं एकजण जाळीआडून पळी वतायलाय, आन् तोंडाकडं बघंना. घर गेलं, दार गेलं, आन् वरून त्यांला उभं केलं? कामून? बसा म्हणाया एक माणूस न्हाई तिथं?" अप्पांचा आवाज कापत होता. आधी मला वाटलं रागानं.

"कोणता देश, अप्पा?"

"ते लिहिलं न्हवतं. जगाची शेवटची पंगत कुठं बसलीय, तेवढं बघ तुझ्या कम्प्युटरवर. मी जातो."

मी हसले. अप्पा हसले नाहीत. मग मला कळलं की हा माणूस खरंच जाईल. त्यांना वाढायला माणसं हवी होती, बाकी काही नको होतं, आणि ती माणसं गावात उरली नव्हती.

मी शोधायला बसले आणि माझं डोकं फिरायला लागलं. परदेशात जाऊन सेवा करा म्हणून सांगणाऱ्या साइट ढिगानं आहेत. कुठे समुद्रकाठी कासवांची अंडी राखायची. कुठे हत्तीच्या पिल्लाला आंघोळ घालायची. कुठे गरीब देशात जाऊन शाळेच्या भिंती रंगवायच्या. म्हणजे त्या देशातल्या माणसांना भिंतसुद्धा रंगवता येत नाही असं या लोकांना वाटतं! आणि सेवा करणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, विमानाचं तिकीट वेगळं. खाली मुलामुलींचे फोटो. काळी-सावळी लेकरं मांडीवर घेऊन हसतायत. त्या लेकरांच्या आयांना कुणी विचारलं होतं का? मी हे सगळं अप्पांना वाचून दाखवायची आणि टेबलावर हात आपटायची.

अप्पा वेगळ्याच ठिकाणी भडकायचे. "कासवाच्या अंड्याला राखण हाय आन् माणसाच्या पानाला न्हाई? आन् हे पैशे कशाचे? यजमानानं नारळ देऊन वाढप्याला बोलवायचं का वाढप्याकडूनच आहेर घ्यायचा? लय बेकार रीत हाय ही." वयाची अट वाचली तेव्हा तर ते उठूनच उभे राहिले. "उपाशी माणूस काय वाढप्याचा जन्मदाखला मागतो?"

तरी त्यांनी पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस आला. परदेशात कशाला जायचंय, त्यानं विचारलं. "वाढायला," अप्पा म्हणाले. तो गोंधळला, तेव्हा अप्पांनी त्याला पाटावर बसवून, वरण-भात वाढून, प्रत्यक्षच दाखवलं. ढेकर देऊन गेला. पासपोर्ट वेळेत आला.

शेवटी एका संस्थेनं व्हिडिओवर मुलाखत घ्यायचं कबूल केलं. निर्वासितांच्या छावण्यांत जेवण पुरवणारी संस्था. मुलाखत घेणारा मुलगा मराठी होता, शहरातला, बोलायला नम्र. अप्पा भस्म लावून, उपरणं घेऊन, ओगराळं मांडीवर ठेवून माझ्या सेंटरमध्ये बसले.

"काका, तुमचा अनुभव सांगाल?"

"आख्खं वालूर जेवलंय माझ्या हातचं. आन् समदे बसून."

मुलानं समजावून सांगितलं. हातमोजे घालावे लागतील. अप्पा म्हणाले, वरण किती तापलंय ते हाताला कळायला पाहिजे, पण बरं, घालू. टोपी घालावी लागेल. घालू. रांग असते, लोक उभे असतात. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, गिळलं आणि म्हणाले, "मी बसवतो हळूहळू." मग मुलगा म्हणाला, प्रत्येकाला एकच पळी. दुसऱ्यांदा कुणाला द्यायचं नाही, विचारायचंही नाही.

"इचारायचं बी न्हाई?"

"काका, अन्न मोजकं असतं. मागे खूप लोक असतात."

"आरं लेकरा, आन्न मोजकं असतं हे मला सांगू नको. शेवटच्या पंगतीत वाढलंय मी. आन्न सरलं तर पाणी घेऊन जावं. पन जावं. इचारावं, की बाई, झालं का पोटभर. न्हाई म्हणली तर हात जोडावे. न इचारता फुडं गेलं तर मग तिथं माणूस कशाला? नळ लावा, नळ!"

मुलानं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे काका, पण मी नियम बदलू शकत नाही." पुढे निवड झाली नाही म्हणून निरोप आला. तो निरोप वाचून मी चिडले. अप्पा म्हणाले, "पोरगं चांगलं होतं. दुसरी जागा बघ."

दुसरी जागा बघताना मला वालूर सापडलं.

कुठल्यातरी परदेशी संस्थेची साइट होती. जगात मदतीची गरज कुठे कुठे आहे, तिथे सेवेला कसं जायचं, असं सगळं. मी खाली खाली गेले आणि एका फोटोत आमच्या महादेवाच्या देवळाचा कळस दिसला. खाली पंगत. जमिनीवर बसलेली माणसं, पुढे पळसाच्या पत्रावळी, मध्ये बादली घेतलेले उघड्या अंगाचे अप्पा. वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं, त्याचा अर्थ असा, की भारतातल्या खेड्यांत ही माणसं उपाशी आहेत, दिवसातून एकदा मिळणाऱ्या दानाच्या जेवणाची वाट बघत जमिनीवर बसतात, या आणि त्यांना मदत करा.

मी खुर्चीतून उठले. आमचा महाप्रसाद! गावातली बारव, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर, बघायला आलेले दोन परदेशी पाहुणे होते त्या वर्षी, गळ्यात कॅमेरे. अप्पांनीच त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं होतं, सारखं बुंदी घ्या, बुंदी घ्या केलं होतं. आमच्या पत्रावळीवर जेवले आणि आम्हालाच भिकारी करून गेले! फोटोत सगळ्यात पुढे सरपंच होते, हात पुढे करून बसलेले. ते आणखी बुंदी मागत होते. त्या दिवशी ते पहिल्या पंगतीला पुढारी म्हणून बसले आणि शेवटच्या पंगतीला कार्यकर्ता म्हणून. आणि जगभर त्यांचा हात उपाशी माणसाचा हात म्हणून दाखवला जात होता.

संध्याकाळपर्यंत अर्धं गाव माझ्या सेंटरमध्ये. सरपंच लाल झाले होते. "दोन ट्रॅक्टर हायेत माझे! ही गावाची बेइज्जती हाय. लिहा, खरमरीत लिहा!" एकजण म्हणाला, काही का असेना, आपण परदेशात दिसायलोत. त्याला मी हाकलला. आणि पुरता राग डोक्यात असताना अप्पा आले.

मला वाटलं आता छप्पर उडणार. अप्पांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली, पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मोठं कर."

मी केलं.

"तिथं न्हाई. माझ्या मागं."

अप्पांच्या पाठीमागे बायकांची ओळ होती. त्यात महानंदाकाकू. डोक्यावर पदर, हाताला अजून पीठ. आजूबाजूच्या बायांच्या पानांत पुरी, भाजी, बुंदी, सगळं. काकूंच्या पानात कडेला मीठ आणि चटणी. मीठ-चटणी आधी वाढतात, बाकीचं मागून येतं. त्यांच्याकडे ते आलेलं नव्हतं. त्या अप्पांच्या पाठीकडे बघत होत्या. अप्पांचं तोंड कॅमेऱ्याकडे, हसरं, बादली पुढे केलेली.

"हिचं पान रिकामं हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पिशवी घेतली आणि निघून गेले. गर्दीत कुणाला काही कळलं नाही. सरपंच अजून ट्रॅक्टरचंच सांगत होते.

पुढचे काही दिवस अप्पा सेंटरवर फिरकले नाहीत. मी संस्थेला पाठवायची तक्रार लिहून काढली. अशी लिहिली की माझी मलाच भीती वाटली. अप्पांचं नाव सगळ्यात वर घालावं, फोटोत तेच मध्ये आहेत, म्हणून विचारायला दुपारी त्यांच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. मी नेहमीसारखी आत गेले.

स्वयंपाकघरात अप्पा ओट्याशी उभे होते. डाव्या तळव्यावर शिळी भाकरी, समोर पातेल्यात गार वरण. ते भाकरीचा तुकडा थेट पातेल्यात बुडवून खात होते. ताट नाही, पाट नाही. उभे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "उभ्यानं?"

अप्पा दचकले. त्यांनी भाकरीचा हात पाठीमागे नेला.

"अप्पा, तुम्ही? लोकांच्या हातातली ताटं काढून घेता, आणि घरात हे?"

"बसलं की वाढायला कोणी लागतं, सूनबाई." ते भिंतीकडे बघत बोलत होते. "ती गेल्यापून बसलो न्हाई मी."

अशा वेळी मी कामाचं बोलते. म्हटलं, तक्रार लिहून तयार आहे, तुमचं नाव घालू ना?

"पाठवू नको."

"अहो, त्यांनी आपल्याला उपाशी म्हटलंय!"

"गावाचं खोटं हाय. तिचं खोटं न्हाई." अप्पांनी भाकरी ओट्यावर ठेवली. "झाकलेलं पातेलं सरत आलं होतं त्या दिवशी. त्या कॅमेरेवाल्या पाव्हण्यांला बस गाठायची होती, ते उठाया लागले. म्हणलं, शेवटची बुंदी त्यांला घालावी, घरचं माणूस कुठं पळून चाललंय? परत फिरलो तवर ती पत्रावळी उचलायली होती. म्हणली, झालं माझं. मी म्हणलं, बरं."

त्यांनी बोटांना लागलेलं वरण धोतराला पुसलं. "परदेशी माणसाकडंच निघालो होतो बघ मी, तवाबी."

त्या उन्हाळ्यातच काकू गेल्या होत्या.

मला कुणाचा राग आला ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. अप्पांचा आला, त्या घरच्या पानाच्या नियमाचा आला, न बोलणाऱ्या काकूंचा आला, भिंतीला भिंत असून मला दोन वर्षं "आत्ताच झालं की" ऐकवणाऱ्या या म्हाताऱ्याचा पुन्हा आला. मी फळीवरचं ताट काढलं, धुतलं, पाट टाकला. वरण गॅसवर ठेवलं, तवा ठेवला आणि दोन भाकऱ्या थापल्या. अप्पा बघत राहिले.

"बसा," मी म्हटलं.

"कुठं?"

"खाली. भुई हाय की."

अप्पा बसले. गुडघे धरून, सावकाश. मी मीठ वाढलं, चटणी वाढली, भाकरी वाढली. खुंटीवरच्या पिशवीतून त्यांचं ओगराळं काढलं आणि वरण वाढायला लागले.

"वाक की जरा," अप्पा म्हणाले. "उंचावरून काय वाढायलीस?"

मी वाकले. ते जेवायला लागले, खाली मान घालून. मी ओट्याकडे गेले, डोळे पुसले, आणि ओगराळं भरून पुन्हा आले. अप्पांनी पानावर हात आडवा धरला, पंगतीत पाहुणे पुरे म्हणून धरतात तसा.

"झालं का पोटभर, अप्पा? वाढू का आणखी?"

हात तसाच आडवा राहिला. मी तशीच वाकून उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी हात बाजूला घेतला.